गुडघे दुखायला लागलेत? तेल, लेप, गोळी की व्यायाम, सुरुवात कुठून करायची ते सविस्तर

आईचे गुडघे धरायला लागले तेव्हा ती ५८ वर्षांची होती. भाकरी थापून उठताना ओट्याचा आधार घ्यायची, जिना उतरताना कठडा घट्ट धरून एकेक पायरी, आणि देवळात गेलो की खाली बसायचं टाळून मागे भिंतीला टेकून उभी राहायची, मग मला कळलं की काहीतरी बिनसलंय. त्यानंतरच्या एका आठवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाने एकेक उपाय सांगितला. कुणी निर्गुडीचा पाला, कुणी भिजवलेली मेथी, कुणी बिब्बा, कुणी गावाकडच्या पुड्या, कुणी थेट ऑपरेशन. मी सगळं एका वहीत लिहून ठेवलं आणि मग पुढची दोन-तीन वर्षं डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि जे काही नीट वाचायला मिळालं त्यातून प्रत्येक गोष्टीसमोर लिहीत गेले, याने काय होतं, काय होत नाही, आणि काय धोका आहे. ज्यांचं किंवा ज्यांच्या आईवडिलांचं दुखणं आत्ता कुठे सुरू झालंय त्यांच्यासाठी ती वही इथे उतरवतेय.

पायरी १: कुठलं दुखणं आहे ते आधी ओळखा

आपल्याकडे सगळी गडबड एका शब्दापासून सुरू होते, तो म्हणजे संधिवात. गुडघा झिजला तरी संधिवात, बोटं सुजली तरी संधिवात, युरिक ॲसिड वाढलं तरी संधिवात. पण हे वेगवेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. शेजारच्या काकूंना ज्या गोळीने बरं वाटलं ती आपल्या आईला द्यायची नाही ती याच कारणाने.

झिजेचा संधिवात म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस, हा सगळ्यात जास्त दिसतो. साधारण ४५ नंतर, चाललं-चढलं की दुखतं, बसलं की कमी होतं, सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात पण अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. दुसरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते, दोन्ही हातांची बोटं, मनगटं सारखीच सुजतात, सकाळचा आखडलेपणा तास-तासभर जात नाही, आणि हा तिशी-चाळिशीतल्या बायकांनाही होतो. तिसरा गाऊट, हा युरिक ॲसिड वाढल्याने होतो, रात्रीत अचानक पायाचा अंगठा लालभडक होऊन इतका ठणकतो की चादरीचा स्पर्श सहन होत नाही. आणि चौथं चिकुनगुनिया, २००६ च्या साथीत महाराष्ट्रात कितीतरी घरांनी हे भोगलंय, ताप चार दिवसांत गेला पण सांधे महिनोनमहिने धरून राहिले.

म्हणून पहिलं काम एवढंच करा, आठवडाभर रोज सकाळी घड्याळ बघून लिहा, उठल्यापासून सांधे मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, कुठला सांधा, सूज आहे का. आईच्या वहीत सातही दिवस १० ते १५ मिनिटंच होती, आणि डॉक्टरांनी ते पान बघून पाच मिनिटांत सांगितलं की ही झीज आहे.

आता जे थांबायचंच नाही ते सांगते. एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, तर त्याच दिवशी दवाखाना, कारण सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर काही दिवसांत सांधा खराब होतो. पडल्यानंतर पायावर भार टाकता येत नसेल तरी त्याच दिवशी. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली, तेव्हाही तेल चोळत बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते. आणि बोटं-मनगटं सहा आठवड्यांपेक्षा जास्त सुजलेली असतील तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे संधिवाततज्ज्ञांकडेच जा. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात, तेव्हा औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात, आणि नेमके तेच महिने आपल्याकडे लेप आणि पथ्यात जातात, मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

पायरी २: तपासण्यांच्या मागे लगेच पळू नका

वय ४५ च्या पुढे, चालताना दुखणं, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत, एवढं जुळत असेल तर नुसतं विचारून-तपासून निदान होतं, ब्रिटनच्या २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये तर सरळ लिहिलंय की अशा वेळी नेहमीसाठी एक्स-रे काढायची गरज नाही. एमआरआय तर बहुतेकांना लागतच नाही. आणि एक्स-रे काढलाच तर त्यातल्या "गॅप कमी झालाय" या वाक्याने खचून जाऊ नका. फोटोत भरपूर झीज असलेली माणसं मजेत चालतात आणि फोटो बरा असलेल्यांना जिना चढवत नाही, फोटो आणि दुखणं यांचा मेळ बरेचदा बसत नाही. आईला कुणीतरी सांगितलं होतं "वंगण संपलंय", आणि त्या एका शब्दामुळे ती दोन महिने चालायचीच बंद झाली, तिला वाटायचं जितकं चालेन तितकं अजून घासेल. खरं उलटं आहे. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्यातल्या पाण्यातूनच तिला पोषण मिळतं आणि ते पाणी आत-बाहेर खेळतं ते हालचालीमुळे.

पायरी ३: घरचे उपाय, एकेक करून

मी घरच्या उपायांच्या विरोधात नाहीये, आमच्या घरी आजही होतात. फक्त कशाने काय होतं ते माहीत असावं.

शेक. आखडलेल्या, जुनाट दुखण्याला गरम शेक खरंच बरं वाटतं, १५-२० मिनिटं, दिवसातून दोनदा. नुकताच मुरगळला असेल, सुजला असेल तर मात्र बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून. डायबेटिस असलेल्यांनी फार जपून, पायाची संवेदना कमी झालेली असते आणि गरम पिशवीने भाजलं तरी कळत नाही. पिशवी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला लावून बघा.

तेल. तिळाचं, मोहरीचं, महानारायण, निर्गुडी, जे घरात असेल ते. मालिशने आराम मिळतो, झोप चांगली लागते, आणि रोज रात्री कुणीतरी दहा मिनिटं आपल्या पायाशी बसतं याचंही सुख असतंच. पण तेल कातडीतून आत जाऊन झिजलेली कूर्चा भरून काढत नाही. तेव्हा २०० रुपयांची बाटली आणि २००० रुपयांची बाटली यात गुडघ्याच्या दृष्टीने फरक शोधू नका. सूज आलेल्या गरम सांध्यावर जोरात चोळू नका.

हळद. छोट्या-छोट्या अभ्यासांत कर्क्युमिनच्या अर्काने दुखणं थोडं कमी झालेलं दिसलंय, पण हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं साधारण २ ते ५ टक्के आणि तेही अंगात फार कमी शोषलं जातं. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या, त्याने नुकसान काही नाही. कॅप्सूल मात्र आपल्या मनाने घेऊ नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अजिबात नाही, आणि जास्त मात्रेच्या कॅप्सूलने यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

मेथीचे, डिंकाचे लाडू. हिवाळ्यात आमच्याकडे होतातच. पण बघा, तूप, गूळ, खोबरं, खारीक, रोज दोन लाडू तीन महिने, याने गुडघ्याला काही मिळालं नाही तरी वजन नक्की वाढतं आणि ते वजन पेलायचं कुणी, त्याच गुडघ्याने. चवीसाठी खा, औषध म्हणून नको.

पथ्य. वांगं नको, बटाटा नको, हरभऱ्याची डाळ नको, आंबट नको, दही नको. आईने सहा महिने हे सगळं सोडलं होतं, ताटात उरलं काय तर भात आणि मुगाचं वरण, अंगातली ताकद गेली, आणि गुडघे होते तसेच. झिजेच्या संधिवातात यातलं काही सोडून फायदा होतो याला आधार नाही. गाऊटची गोष्ट वेगळी, तिथे दारू, कलेजी-भेजा, तारल्यांसारखे मासे खरंच त्रास देतात, त्यामुळे पथ्य विचारायचं ते निदान झाल्यावर.

आणि बिब्बा. इथे मी हात जोडून सांगते, करू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी जळते. आमच्या घरी काम करायला यायच्या त्या मावशींनी गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना बिब्ब्याचे चटके घेतले होते, दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड, चौथ्या दिवशी त्यातून पू, आणि वर साडी चिकटायची म्हणून त्या पाय फाकवून चालायच्या. तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. गुडघा दुखायचा थांबला नाही, पण त्या जखमेपुढे त्याची आठवण येत नव्हती, आणि "बिब्ब्याने गुण आला" असं लोक म्हणतात ते बहुतेक यालाच. विस्तवाचे डाग, रुईच्या चिकाचे लेप, वाटलेली हिरवी मिरची हे सगळं याच रांगेत. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मोजून-मापून केलेलं मलम मिळतं, दुखणं कमी करायला ते वापरलं जातं, पण ते मोजलेलं असतं, आपल्या पाट्यावरचं नसतं.

पायरी ४: व्यायाम, हेच मुख्य औषध

भारतात, अमेरिकेत, ब्रिटनमध्ये कुठल्याही नीट डॉक्टरला विचारा, झिजेच्या गुडघ्याला पहिला उपचार व्यायाम. गोळीच्या आधी, इंजेक्शनच्या आधी. कारण साधं आहे, मांडीच्या पुढचा मोठा स्नायू गुडघ्याला धरून ठेवतो, दुखतं म्हणून आपण चालत नाही, चालत नाही म्हणून तो सुकतो, सुकला की सगळा भार सांध्यावर आणि मग अजून दुखतं. हे चक्र तोडायचंय.

आईला शिकवलेले पाच प्रकार सांगते, सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर करून घ्या म्हणजे चुकत नाही.

१. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबा, मनात पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा.

२. खुर्चीत ताठ बसून एक पाय समोर सरळ करा, पंजा आपल्याकडे ओढलेला, पाच मोजा, हळू खाली. खाली आणताना धपकन सोडायचा नाही, निम्मा फायदा त्या हळू आणण्यात आहे.

३. पाठीवर झोपून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर-दीड वीत उचला, पाच मोजा.

४. खुर्चीतून उठ-बस. हात न टेकता जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. आई पहिल्या दिवशी दोन उशांवरून तीनदा उठली आणि दमली, म्हणाली "हे काय व्यायाम म्हणायचं, हे तर मी दिवसभर करते." दीड महिन्यात एक उशी निघाली, तीन महिन्यांत दोन्ही, आणि मग एक दिवस ती देवळात खाली बसली नाही पण पायरीवर बसून स्वतःची उठली, कुणाचा हात न धरता. मी मागे उभी होते, हात पुढे केला होता तो तसाच राहिला.

५. ओट्याला धरून टाचा उचलणे, चहा उकळेपर्यंत.

दिवसातून एकदा तरी, आठवड्यातून निदान पाच दिवस. सोबत सपाट रस्त्यावर चालणं, सुरुवातीला १० मिनिटं पण चालेल. टेकडी आणि गच्चीचा जिना नंतर.

करताना थोडं दुखणारच, सगळे इथेच घाबरून सोडतात. नियम असा ठेवा की करताना सहन होईल इतपत दुखलं तर चालेल, पण वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल तर आकडा कमी करा, बंद करू नका. आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, गोळीसारखा अर्ध्या तासात दिसत नाही, म्हणून कॅलेंडरवर खूण करत जा. योगासनं करत असाल तर चांगलंच, फक्त वज्रासन, मांडी, उकिडवं बसणं दुखत असेल तर बाजूला ठेवा.

पायरी ५: वजन

वजन जास्त असेल तरच हे वाचा. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात जाड आणि गुडघे झिजलेल्या वयस्कर लोकांची चाल मोजली, तर १ किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो असं दिसलं. म्हणजे ५ किलो उतरवले तर प्रत्येक पावलाला २० किलो. आईने उपाशी वगैरे काही राहायचं नाही ठरवलं, दिवसाचे चार चहा होते, प्रत्येकात दोन चमचे साखर, ते दोन चहा आणि अर्धा चमचा केले, संध्याकाळचं फरसाण बंद, रात्री भात कमी करून एक वाटी उसळ वाढवली. आठ महिन्यांत ६ किलो. उसळ, डाळ, दही, अंडं यातलं काहीतरी रोज पोटात हवंच, नाहीतर वजनासोबत स्नायूही जातो.

पायरी ६: मलम, गोळी आणि पुड्या

औषधाची सुरुवात मलमापासून. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्याला आणि बोटांना खरंच उपयोगी पडतं हे चांगल्या अभ्यासांत दिसलंय, आणि ते रक्तात फार थोडं जातं. पॅकवर लिहिल्याप्रमाणे दिवसातून तीन-चार वेळा, थोडे दिवस नेमाने लावायचं, एकदा चोळून "काही फरक नाही" म्हणायचं नाही. लावल्यावर वरून गरम शेक नको, घट्ट पट्टी नको, हात धुवा.

पोटातून घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या, मेडिकलमधून परस्पर आणून रोज घेणं, ही आपल्याकडची फार मोठी चूक. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या सगळ्या एकाच घराण्यातल्या, त्यांनी पोटात अल्सर होतो, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. गिधाडांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, गुरांना डायक्लोफिनॅक द्यायचे, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आपल्या आभाळातून गिधाडं जवळजवळ दिसेनाशी झाली, शेवटी २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसाला गिधाडाइतका त्रास होत नाही, पण बीपी, डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असलेल्या साठीच्या माणसाने ही गोळी डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाही. डॉक्टरांनी दिली तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, जेवणानंतर. ताप असताना डेंग्यूची शंका असेल तर तोवर ही गोळी नकोच, रक्तस्राव वाढू शकतो.

आता पुड्या. माझी सख्खी मावशी आठवडी बाजारातल्या एका माणसाकडून "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून पुड्या आणायची. दोन दिवसांत दुखणं गायब, म्हणून तिचा विश्वास बसला. पाच महिन्यांनी तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, शुगर कधी नव्हती ती ३०० च्या वर, कातडी इतकी पातळ की बांगडी घासली तरी निळं पडायचं. डॉक्टर म्हणाले ही सगळी स्टेरॉईडची लक्षणं आहेत. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या, नाव-घटक न लिहिलेल्या पुडीत किंवा काळ्या गोळीत स्टेरॉईड मिसळलेलं असण्याची शक्यता धराच. आणि घेत असाल तर आज हे वाचून एकदम बंदही करू नका, महिनोनमहिने स्टेरॉईड गेलेलं असलं की शरीर स्वतः ते बनवणं कमी करतं, एकदम तोडलं तर बीपी पडून जिवावर बेततं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

आमवात निघालाच तर मेथोट्रेक्सेट देतात, ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. डबीवर वार लिहून ठेवा, ठळक अक्षरात, घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

पायरी ७: महागडे उपाय विचारपूर्वक

कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाईनच्या गोळ्या महिन्याला बराच पैसा खातात. २००६ मध्ये १५०० हून जास्त लोकांवर झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात एकूणात त्या, आत औषधच नसलेल्या नुसत्या दिसायला तशाच गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त फिरवून त्यातला भाग गुडघ्यात टोचणं, २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर तपासलं, वर्षभराने मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा वेगळं काही निघालं नाही. स्टेरॉईडचं एखादं इंजेक्शन, तज्ज्ञाने दिलेलं, काही आठवडे आराम देतं, तेवढ्यात व्यायाम सुरू करता आला तर त्याचं सोनं होतं, वारंवार मात्र नाही. नुसत्या झिजेसाठी दुर्बिणीने "गुडघा साफ" करून घ्यायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

गुडघा बदलायचं ऑपरेशन वाईट नाही. रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालवत नाही, आणि व्यायाम, वजन, औषध हे सगळं मनापासून करून झालंय, तेव्हा ते माणसाला पुन्हा उभं करतं. २०१७ पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला कमाल मर्यादा घातलीय, त्यामुळे बिलात इम्प्लांटचा आकडा वेगळा लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

पायरी ८: घरात थोडे बदल

यातले बरेच फुकट आहेत. भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकल दुकानात मिळते. भाजी निवडणं, कणीक मळणं खाली बसून नको, टेबलावर. पूजेला चौरंगाऐवजी स्टूल, देव रागावत नाही. चप्पल मऊ तळाची, मागून पट्टा असलेली. आणि काठी, ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, बहुतेक सगळे उलट धरतात. काठी धरायला आईला लाज वाटायची, मग मीच एक आणून दाराशी ठेवली, पावसाळ्यात चिखल झाला तेव्हा तिने आपणहून उचलली.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं ते शेवटी सांगते कारण तिथे आपण निम्मं विसरतो. सकाळच्या मिनिटांचं ते पान, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (बीपी-शुगरच्या पण), आणि एका पिशवीत घरचं सगळं, तेल, चूर्ण, काढा, पुड्या, न लाजता टेबलावर ठेवा. आई आधी हे लपवायची, डॉक्टर ओरडतील म्हणून. ज्या दिवशी तिने पिशवी उघडली त्या दिवशी डॉक्टरांनी तेलाची बाटली परत तिच्या हातात दिली, "हे चालू ठेवा आजी," आणि एक बिनलेबलची डबी बाजूला काढून ठेवली.